मीठ कोणाचे?

इंदूरच्या रामबागेतील आमच्या जुन्या वाड्यात, माडीवरच्या खोलीत, एक रेडिओ होता. त्यावर आईने विणलेला जाळीचा रुमाल घातलेला असे आणि मागच्या फळीवर रेडिओच्या परवान्याची पुस्तिका जपून ठेवलेली असे. तरुण वाचकांना हे सांगायला हवे की, त्या काळी घरात रेडिओ ठेवायचा तर दरवर्षी टपालकचेरीत शुल्क भरून ती पुस्तिका शिक्का मारून आणावी लागे. १९२७ साली मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा हे शुल्क वर्षाला दहा रुपये होते. पुढे कंपनी बुडाली, नभोवाणी सरकारी झाली, तरी परवाना टिकून राहिला. १९८०च्या दशकाच्या मध्यास तो रद्द झाला. त्या पुस्तिकेबरोबर एक जाणीवही हळूहळू लोप पावली, असे मला आता वाटते. आपण जे ऐकतो त्याचे पैसे आपणच देत आहोत, ही ती जाणीव.

गोष्ट १९७६ सालची. वडिलांचे चुलतभाऊ बापूकाका वाड्याच्या मागच्या सोप्यात राहत. ते जुने समाजवादी. आणीबाणीत त्यांचे दोन-तीन स्नेही तुरुंगात होते. परवान्याची मुदत संपली तेव्हा त्यांनी जाहीर केले की आपण शुल्क भरणार नाही, आणि रेडिओ जुन्या धोतरात गुंडाळून कपाटात ठेवून दिला. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते सरकारी नोकर, कायद्याला धरून चालणारे. त्यांनी विचारले, "बापू, हा काय नवा सत्याग्रह?"

काका म्हणाले, "अण्णा, ज्या तोंडाला मी पैसे देतो, ते तोंड रोज संध्याकाळी माझ्याशी खोटं बोलतं. मी पैसे का द्यावेत, ते तुम्हीच सांगा."

"पैसे तू त्या तोंडाला देत नाहीस, बाबा. राज्याला देतोस. रस्त्यात खड्डे आहेत म्हणून घरपट्टी थकवतोस का?"

"खड्डा खोटं बोलत नाही, अण्णा."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून काकूंचा आवाज आला, "आणि नाट्यसंगीत ऐकायला मी कुणाच्या दारात जायचं, तेही ठरवा."

काकांचा बहिष्कार वर्षभराहून अधिक टिकला. मात्र रात्री जेवणानंतर ते जिना चढून आमच्याकडे येत आणि आवाज अगदी बारीक करून बी.बी.सी.च्या हिंदी बातम्या ऐकत. अण्णा हसून म्हणत, "बापूचा सत्याग्रह आमच्या परवान्यावर चालतो." त्या वेळी आम्हा मुलांना हा सारा विनोद वाटे. आज त्या दोघांच्या संवादाकडे पाहताना जाणवते की, त्यात एक खरा नैतिक प्रश्न दडलेला होता. सर्वांच्या पैशांवर चालणारा आवाज एका पक्षाचा झाला, तर त्या आवाजाचे कर्तव्य काय आणि पैसे देणाऱ्याचे कर्तव्य काय?

आपल्याकडे या प्रश्नाचे एक तयार उत्तर आहे. ज्याचे मीठ खावे त्याला जागावे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे स्थायिक झालेल्या आपल्या घराण्यांना तर हे वचन नवे नाही. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या पदरी कारकुनी, फडणिशी, शिलेदारी करीत आपले पूर्वज इकडे आले. मालक कोण, याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता आणि निष्ठा ही त्यांची खरी मालमत्ता होती. या वचनाची थोरवी मी कमी लेखत नाही. परंतु ते पाळायचे तर आधी मीठ कोणाचे हे नीट ओळखावे लागते, आणि घोटाळा नेमका तेथेच होतो.

संस्थानी काळात तो घोटाळा नव्हता. स्वातंत्र्याच्या वेळी आकाशवाणीखेरीज पाच संस्थानी केंद्रे चालू होती : म्हैसूर, त्रावणकोर, हैदराबाद, औरंगाबाद आणि बडोदे. ही केंद्रे दरबारची होती आणि दरबारचेच बोलत. हैदराबादच्या रेडिओवर राजवटीची बाजू मांडली जाई; १७ सप्टेंबर १९४८ रोजी शरणागतीची घोषणाही निजामांनी त्याच रेडिओवरून केली. गोव्यात पोर्तुगीज राजवटीचा 'एमिसोरा द गोवा' होता. त्याला उत्तर म्हणून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५च्या नोव्हेंबरपासून सरहद्दीवरच्या जंगलातून कोकणी व पोर्तुगीज भाषांत गुप्त नभोवाणी चालविली. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानांनी बांबोळीचे पोर्तुगीज बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. दुसऱ्या दिवशी त्या दोघांनी विमानातून ध्वनिवर्धकावर गोव्याच्या मुक्तीची वार्ता सांगितली. त्या रेडिओंवर खोटेपणाचा आरोप करता येईल, परंतु विश्वासघाताचा करता येणार नाही. ते ज्याचे मीठ खात होते, त्याला जागत होते.

प्रजासत्ताकात मात्र मीठ बदलले. आवाजाची सवय तेवढी बदलली नाही. १९३० साली ब्रिटिश सरकारने नभोवाणी ताब्यात घेतली, १९३६ साली तिला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले आणि १९४७ साली ती सरकारी खाते म्हणून जशीच्या तशी आपल्या हाती आली. खजिना आता लोकांचा होता. खजिन्याच्या किल्ल्या सांभाळणारा कारभारी मात्र स्वतःला पूर्वीसारखाच धनी समजत राहिला. आणि बोलणाऱ्यालाही वाटत राहिले की पगार कारभाऱ्याच्या हातून येतो, म्हणून मीठही त्याचेच.

येथे केवळ पक्षीय स्वार्थाचाच विचार करून भागणार नाही. सद्‌हेतूनेही हाच प्रमाद घडू शकतो. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताचे ते निष्ठावान उपासक. आकाशवाणीने कलावंतांना जो आश्रय दिला, त्याचे पुष्कळसे श्रेय त्यांना द्यावे लागेल. परंतु लोकांची अभिरुची सुधारायची म्हणून त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीचे दार जवळजवळ बंद केले. परिणाम असा झाला की, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ साली आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करून ते दार पुन्हा उघडावे लागले. केसकरांनी कोणत्याही पक्षाचा प्रचार केला नाही. परंतु जे सर्वांच्या पैशांतून चालते, त्यातून आपल्याला योग्य वाटते तेवढेच सर्वांनी ऐकावे, हा त्यांचा समज होता. प्रामाणिक माणसाचा पक्षपात ओळखणे अधिक कठीण असते, कारण तो स्वतःच तो ओळखत नाही.

१९७५ सालानंतर जे घडले त्याला असे कोणतेही समर्थन नव्हते. २६ जूनच्या सकाळी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी आकाशवाणीवरून आणीबाणीची वार्ता दिली आणि पुढचे एकोणीस-वीस महिने ती वाणी एकाच सुरात बोलत राहिली. खंडव्याचे आणि आमच्या इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेले किशोरकुमार यांनी सरकारी प्रचाराला साहाय्य करण्याचे नाकारले, तेव्हा १९७६ साली त्यांची गाणी आकाशवाणी व दूरदर्शन यांवरून बंद करण्यात आली. फेब्रुवारी १९७७ मध्ये दिल्लीत विरोधी पक्षांची मोठी सभा होती. त्या संध्याकाळी लोकांनी घरीच राहावे म्हणून दूरदर्शनने 'बॉबी' हा चित्रपट दाखविला, असे आजही सांगितले जाते. लोक तरीही सभेला गेले. त्याच वर्षी नव्या सरकारने आणीबाणीतील प्रसारमाध्यमांच्या दुरुपयोगावर श्वेतपत्रिका काढली, तेव्हा बापूकाकांनी जे एका वाक्यात सांगितले होते ते तपशीलवार छापून आले.

मग अण्णांचे काय? त्यांचे म्हणणे चुकीचे होते का? मला तसे वाटत नाही. न आवडणाऱ्या गोष्टीसाठी पैसे देणे नाकारण्याचा अधिकार प्रत्येकाला दिला, तर सार्वजनिक असे काही उरणारच नाही. ग्रंथालयात मला न पटणारी पुस्तके असतात, तरीही मी वर्गणी देतो. निपुत्रिकही शाळेसाठी कर भरतो. त्यातच समाजाचे समाजपण आहे.

आज जगात अनेक ठिकाणी हाच वाद नव्या आवेशाने चालू आहे. अमेरिकेत १९६७च्या कायद्याने सार्वजनिक नभोवाणीला सरकारी साहाय्य देणारे महामंडळ स्थापन झाले होते. ही केंद्रे एका बाजूला झुकलेली आहेत, मग सर्वांच्या करातून त्यांना पैसा का द्यावा, असा प्रश्न विचारीत जुलै २०२५ मध्ये तेथील काँग्रेसने दोन वर्षांचे सुमारे एकशे दहा कोटी डॉलरांचे अनुदान परत घेतले. त्यानंतर त्या महामंडळाने आपले काम गुंडाळायला घेतले. ब्रिटनमध्ये आपल्या जुन्या परवान्याचा थोरला भाऊ अजून जिवंत आहे. एप्रिल २०२५ मध्ये घरटी वर्षाला साडेएकशे चौऱ्याहत्तर पौंड एवढे झालेले ते शुल्क बुडविणे हा गुन्हा आहे, आणि बी.बी.सी. पक्षपाती आहे म्हणून ते भरू नये असे म्हणणारे बापूकाका तेथेही पुष्कळ आहेत.

पक्षपाताचा आरोप खरा असेल तर पैसा बंद करावा, हा उपाय वरवर न्याय्य वाटतो. परंतु पैसा बंद केल्याने पक्षपात जातो का? आपल्याकडील खासगी वृत्तवाहिन्यांना करातून अनुदान मिळत नाही. त्या निःपक्षपाती आहेत, असे त्यांचा कोणता चाहता छातीवर हात ठेवून सांगेल? त्यांचे मीठ जाहिरातदाराचे असते, आणि जाहिरातदारांत सरकारही एक मोठा जाहिरातदार असते. फरक एवढाच की, तेथे फसवणूक झाली तर आपण वाहिनी बदलू शकतो. 'हे माझे आहे' असे म्हणून जाब मात्र विचारू शकत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्यांनी विसरू नये. बाजार संख्येचा चाकर असतो. जेथे मराठी माणसे मूठभर आहेत, तेथे त्यांच्यासाठी मराठी भाषण, मराठी नाट्यसंगीत ऐकविणे कोणत्याही जाहिरातदाराला परवडणारे नाही. गोवा मुक्त झाल्यावर पणजीच्या आकाशवाणीने कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषांना जागा दिली. आमच्या इंदूर केंद्रावर नंदाजी-भेराजी माळवीत शेतकऱ्यांशी बोलत. ती भाषा बोलणाऱ्यांची ऐपत पाहून ते बोलत नव्हते. अल्पसंख्य भाषा, दूरचे खेडे, रात्री समुद्रावर असलेला कोळी, यांच्यासाठी बोलणारा आवाज हवा असेल, तर तो सर्वांनी मिळूनच पोसावा लागतो. भारत सरकार प्रसारभारतीला अलीकडे वर्षाला अडीच हजार कोटी रुपयांच्या आसपास अनुदान देते. माणशी हिशेब केला तर वर्षाला अठरा रुपयांच्या आगेमागे. इंदुरात पोह्यांची एक प्लेटही आता त्याहून महाग पडते. प्रश्न रकमेचा नाही. ती सर्वांकडून घेतली जाते, हा प्रश्न आहे.

आणि म्हणूनच, जो पैसा सक्तीने सर्वांकडून घेतला जातो, त्यावर चालणाऱ्या आवाजाचा पक्षपात हा साधा दोष राहत नाही. एखाद्या देवस्थानचा पंच देवाच्या दानपेटीतून स्वतःच्या घरचे लग्न लावू लागला, तर त्याला आपण केवळ आवडीनिवडीचा माणूस म्हणत नाही. अपहार करणारा म्हणतो. दानपेटीत पैसे टाकणाऱ्यांत त्याचे सोयरे असतात, तसे त्याचे वैरीही असतात. राष्ट्रीय नभोवाणीच्या पेटीत सत्तारूढ पक्षाला मत न देणाऱ्यांचे अठरा रुपयेही असतात. त्यांचे पैसे घेऊन त्यांच्याच विरुद्ध एकतर्फी बोलणे, किंवा त्यांच्याविषयी मौन पाळणे, हे मिठाला न जागणे होय.

हा विश्वस्ताचा विचार माझा नाही. जनता सरकारने नेमलेल्या बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७८ साली राष्ट्रीय ध्वनिक्षेपण न्यासाची कल्पना मांडली होती. त्यापूर्वी, १९६६ साली, चंदा समितीनेही नभोवाणीला सरकारी खात्यातून बाहेर काढण्याची शिफारस केलेली होती. १९७९ साली विधेयक आले, पण लोकसभा बरखास्त झाली आणि ते बारगळले. १९९० साली प्रसारभारतीचा कायदा संमत झाला आणि सात वर्षे कपाटात पडून राहिला. मध्यंतरी ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचे नियमन सरकारपासून स्वतंत्र अशा सार्वजनिक संस्थेने करावे. अखेर १५ सप्टेंबर १९९७ पासून प्रसारभारतीचा कायदा अमलात आला. नागरिकाचा मोकळेपणाने, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळविण्याचा हक्क जपणे, परस्परविरोधी मते समतोलपणे मांडणे आणि स्वतःचा कोणताही मतवाद न पुरस्कारणे, ही कर्तव्ये त्या कायद्यात स्पष्ट लिहिलेली आहेत.

लिहिलेले उत्तम आहे. परंतु त्याच कायद्यानुसार पैसा दरवर्षी केंद्र सरकारच्या हातून येतो. किल्ली जुन्याच कारभाऱ्याच्या कमरेला राहिली. त्याचे परिणाम कोणत्याही एका पक्षाच्या राजवटीपुरते नाहीत. राजीव गांधींच्या काळात लोक दूरदर्शनला थट्टेने 'राजीवदर्शन' म्हणत. २०१४ साली राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या सरसंघचालकांचे विजयादशमीचे भाषण दूरदर्शनने प्रत्यक्ष दाखविले, तेव्हा विरोधकांनी आक्षेप घेतला. तर २०१७ साली त्रिपुराचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचे स्वातंत्र्यदिनाचे भाषण, त्यात बदल केल्याखेरीज ते प्रसारित करता येणार नाही, असे कळवून रोखण्यात आले, अशी तक्रार त्यांनी जाहीरपणे केली. पक्ष बदलतो, आपले काय आणि परके काय हे ठरविण्याची रीत तीच राहते.

यावर कोणी म्हणेल की, पैसा सरकारच्या हातून आला की गुलामी अटळ आहे. इतिहास तसे सांगत नाही. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या निधनाचे वृत्त बी.बी.सी.ने दुपारीच दिले. आकाशवाणीने ते संध्याकाळी सहाच्या सुमारास सांगितले. बंगालच्या दौऱ्यावर असलेले राजीव गांधी स्वतः त्या दिवशी बी.बी.सी. ऐकत होते. देशाच्या पंतप्रधानांच्या पुत्राला आईची वार्ता कळण्यासाठी परदेशी केंद्र लावावे लागावे, यापरते वाग्दारिद्र्य कोणते? गंमत अशी की, बी.बी.सी.ची ती परदेशी सेवा तेव्हा ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याच्या अनुदानावर चालत असे. मीठ सरकारी हातूनच येत होते. पण ते कोणाचे, हे बोलणाऱ्याला ठाऊक होते.

अर्थात बी.बी.सी.लाही सोवळ्यात बसविण्याचे कारण नाही. १९२६च्या सार्वत्रिक संपात चर्चिल यांना ती ताब्यात घ्यायची होती. तिचे प्रमुख जॉन रीथ यांनी ते टाळले. परंतु कसे? संपाच्या काळात मजूर पक्षाच्या नेत्याला तिने बोलू दिले नाही, आणि तडजोडीचे आवाहन करू पाहणाऱ्या कँटरबरीच्या आर्चबिशपांनाही काही दिवस थांबविले. स्वातंत्र्य शाबूत राहिले, कारण ते वापरले गेले नाही. १९५६च्या सुएझ प्रकरणात मात्र पंतप्रधान ईडन यांचा रोष पत्करून तिने विरोधी पक्षनेते गेट्स्केल यांचे उत्तर ऐकविले. स्वातंत्र्य हे असे तीस वर्षे सराव करून अंगी बाणवावे लागते. आणि चूक झाली तर तिची किंमतही मोजावी लागते. ट्रम्प यांच्या भाषणातील दूरदूरची वाक्ये एकापुढे एक जोडून दाखविल्याच्या प्रकरणात, नोव्हेंबर २०२५ मध्ये बी.बी.सी.च्या महासंचालकांनी आणि वृत्तविभागाच्या प्रमुखांनी राजीनामे दिले. चूक लाजिरवाणी होती. परंतु अशा चुकीसाठी खुर्ची सोडावी लागते, एवढी तरी लाज तेथे शिल्लक आहे.

पैशाच्या व्यवस्थेचा अधिक चांगला धडा जर्मनीकडून घ्यावा. नाझी राजवटीने रेडिओचे काय केले, हे त्या देशाने भोगलेले आहे. १९६१ साली चान्सलर आडेनावर यांनी केंद्र सरकारच्या अंकित दूरचित्रवाणी काढू पाहिली, ती तेथील घटनात्मक न्यायालयाने अवैध ठरविली. आज प्रत्येक घर महिन्याला ठरावीक वर्गणी देते आणि ती किती असावी, याची शिफारस एक स्वतंत्र आयोग करतो. २०२१ साली एका राज्याच्या विरोधामुळे सुमारे शहाऐंशी सेंटांची वाढ अडली, तेव्हा न्यायालयाने ती लागू करून वर्गणी १८.३६ युरो केली. बातमी आवडली नाही म्हणून कोणत्याही विधिमंडळाला पैसा अडविता येऊ नये, हे यामागचे सूत्र. किल्ली आहे, पण ती कारभाऱ्याच्या कमरेला नाही.

निःपक्षपातीपणा म्हणजे काय, हेही येथे स्पष्ट करायला हवे. दोन्ही बाजूंना मोजून पाच-पाच मिनिटे देणे म्हणजे निःपक्षपातीपणा नव्हे. पाऊस पडतो आहे असे एक म्हणतो आणि पडत नाही असे दुसरा म्हणतो. तेव्हा वृत्तनिवेदकाने दोघांना समान वेळ देण्यापेक्षा खिडकी उघडून पाहावे, हे त्याचे काम आहे. मतांच्या बाबतीत मात्र तराजू हवा. १९७७ सालच्या निवडणुकीपासून आकाशवाणी व दूरदर्शनवर राजकीय पक्षांना प्रचारासाठी विनामूल्य वेळ वाटून देण्याची पद्धत सुरू झाली आणि ती आजवर चालत आली आहे. निवडणुकीत जे जमते ते एरवी जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. तथ्याच्या बाबतीत खिडकी आणि मतांच्या बाबतीत तराजू, एवढे पाळले तरी पुष्कळ होईल.

परंतु कायदा, आयोग, न्यास यांनी सारे साधेल असे मी म्हणणार नाही. कारण या व्यवहारात तिसराही एक पक्षकार आहे आणि तो म्हणजे ऐकणारा. त्याच्याविषयी सांगण्यासाठी पुन्हा आमच्या वाड्यात यावे लागेल.

मार्च १९७७ मध्ये निवडणुकीचे निकाल लागले. केंद्रात सरकार बदलले आणि रेडिओचा सूर पाहता पाहता फिरला. जे काल देशद्रोही होते ते आज लोकनायक झाले. बापूकाकांनी कपाटातून रेडिओ काढला, पुसला, थकलेले शुल्क दंडासह भरून ते शिक्का मारलेली पुस्तिका मिरवीत आमच्याकडे आले. काकूंनी सर्वांना चहा दिला. संध्याकाळचे बातमीपत्र लागले. त्यात नव्या मंत्र्यांच्या स्वागताची, सत्काराची वर्णने एकामागून एक येत होती. काका प्रसन्न मुद्रेने ऐकत होते. बातम्या संपल्यावर अण्णांनी विचारले, "बापू, हरलेल्यांचं आज एक तरी वाक्य ऐकलंस का रे?"

काका म्हणाले, "त्यांना काय ऐकायचं, अण्णा? दीड वर्षं तेच तर ऐकलं."

"मग परवाना कशाचा भरलास? खऱ्याचा, की आपल्या बाजूच्याचा?"

काका काही बोलले नाहीत. चहाचा पेला त्यांनी खाली ठेवला आणि थोड्या वेळाने उठून गेले. अण्णांनी त्यांना जिंकल्यासारखे केले नाही, उलट रात्री आईला ते म्हणाले, "मी उगाच बोललो. निदान त्यानं तेव्हा भरलं नाही. मी तर दोन्ही वेळा निमूट भरलं."

या वाक्यावर मी आयुष्यभर विचार करीत आलो आहे. बापूकाकांनी खोट्याला पैसे नाकारले, पण आपल्या बाजूचे खोटे त्यांना ऐकू आले नाही. अण्णांना ते ऐकू आले, पण त्यांनी कधी कोणाला जाब विचारला नाही. आपण सारे या दोघांपैकी एक आहोत. राष्ट्रीय आवाज एका बाजूला झुकतो तो केवळ मंत्र्याच्या दूरध्वनीमुळे नव्हे. तो झुकला की त्या बाजूचे श्रोते सुखावतात, दुसऱ्या बाजूचे वाहिनी बदलतात आणि 'हे आमचे मीठ आहे' असे सांगायला कोणीच उरत नाही.

म्हणून मला वाटते, या प्रश्नात नागरिकाची खरी कसोटी एकच आहे. आपल्या आवडत्या पक्षाची सत्ता असताना, आपल्याला गोड वाटणारी बातमी ऐकताना, दुसऱ्या बाजूचे काय म्हणणे आहे ते का सांगितले नाही, असे आपण विचारतो का? ते विचारणे कठीण आहे. मला स्वतःला ते किती वेळा साधले, याचा हिशेब मांडण्याचे धाडस मी येथे करीत नाही.

बापूकाका पुढे कित्येक वर्षे तो रेडिओ ऐकत राहिले. सरकारे आली, गेली. वय झाल्यावर त्यांना एक सवय लागली होती. बातम्या संपल्या की ते रेडिओ बंद करीत आणि कोणी जवळ असो वा नसो, मोठ्याने विचारीत, "आणि दुसरं?" आम्हा मुलांना वाटे, काका म्हातारे झाले. परवाना रद्द होऊन पुष्कळ दिवस झाले होते. पण काकांनी आपले शुल्क भरणे थांबविले नव्हते, हे मला फार उशिरा कळले.